तिचा प्रश्न तुमच्याच पत्रात आहे

नमस्कार,

मुलगी एमबीबीएस झाली, दोन वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. तुम्ही तालुक्याच्या गावी हॉस्पिटलसाठी जागा घेतलीत, स्लॅबही टाकून झाला. ती मात्र कम्युनिटी मेडिसिनमध्ये, म्हणजे लोकांमधले आजार रोखण्याच्या 'प्रिव्हेन्टिव्ह' शाखेत, एमडी आणि मग पीएचडी करायची म्हणते. 'तिला रेडिओलॉजीसाठी तयार करा,' असं तुम्ही लिहिलंत.

पत्र दोनदा वाचलं. जागा, कर्ज, पाहुण्यांचं बोलणं, सगळं सविस्तर आहे. तिच्याबद्दल एकच वाक्य, तेही तक्रारीचं: 'रविवारीसुद्धा वस्तीवर जाऊन लोकांना बीपीच्या गोळ्या का सोडल्या, हे विचारत बसते.' स्लॅब टाकण्याआधी तिला विचारलं होतंत का? 'एवढा खर्च कशासाठी केला' हे तिला रोज ऐकावं लागत असेल, तर ते आजपासून बंद करा. दिवसभर ओपीडी सांभाळून आलेल्या मुलीला घरी हिशेब द्यायला लावू नका.

'प्रिव्हेन्टिव्हची पीएचडी म्हणजे नंबर न लागलेल्यांनी फॉर्म भरत बसणं' हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासते, त्यामागे हे काम आहे. त्याआधी निरक्षर सुइणींना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून त्यांनी एक साधन बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ही कुणाची पीएचडी नव्हती, पण चांगली पीएचडी अशाच प्रश्नातून उभी राहते.

तुमच्या मुलीला तसा प्रश्न सापडलाय. गोळ्या का सुटतात? बरं वाटलं म्हणून? केंद्रातला साठा संपला म्हणून? की केंद्राची वेळ आणि मजुरीची वेळ एकच, म्हणून? प्रत्येकाचा उपाय वेगळा. कारण शोधायचं, काही गावांत एकच गोष्ट बदलायची आणि फरक मोजायचा. यात तीन-चार वर्षं सहज जातात.

वाट सांगतो: नीट पीजी या प्रवेश परीक्षेतून एमडी, मग पीएचडीची प्रवेश प्रक्रिया. नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आहे, तिरुवनंतपुरमचं सार्वजनिक आरोग्याचं अच्युत मेनन केंद्रही पाहावं. गाइड मात्र स्वतः गावात फिरणारा हवा. पैसा रेडिओलॉजीइतका मिळणार नाही, हे तिलाही स्पष्ट सांगतो.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. गोळ्या सोडलेल्या पहिल्या दहा जणांनी काय सांगितलं, तेवढंच तिने कळवावं. जागा तूर्त भाड्याने द्या, हप्त्याला हातभार लागेल.