आतड्याच्या दुखण्यासाठी एआयपी डाएट करायचं आहे, पण भाकरी, डाळ, दूध, मिरची सगळंच बंद. निपाणीत राहून खायचं काय?

तुम्ही लिहिलंय की अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, आहे, गोळ्या चालू आहेत आणि इंटरनेटवर एआयपी म्हणजे ऑटोइम्यून प्रोटोकॉलची (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते त्या आजारांसाठीच्या पथ्याची) यादी मिळाली. त्यात केल नावाची परदेशी पालेभाजी, अव्होकाडो, कसावाचं पीठ, बोन ब्रॉथ असलं काय काय आहे, आणि ते निपाणीत कुठं मिळणार हा तुमचा प्रश्न आहे. मलाही हेच दुखणं आहे. मी खानापूर तालुक्यात राहते आणि डॉक्टर व आहारतज्ज्ञांना विचारून मी हा आहार केलेला आहे. त्यामुळं स्वयंपाकघराचं मी खात्रीनं सांगू शकते. औषधाचं मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा आणि आहार चालू केला म्हणून एकही गोळी आपल्या मनानं सोडू नका.

ती यादी बाजूला ठेवा आणि तिच्यामागचा नियम तेवढा घ्या. काही आठवडे पूर्ण बंद ते असं: सगळी धान्यं, म्हणजे गहू, तांदूळ, ज्वारी, मका, नाचणी, वरी. सगळ्या डाळी आणि कडधान्यं, शेंगदाणा आणि सोयाबीनसुद्धा. दूध, दही, ताक, लोणी, तूप. अंडी. काजू-बदाम. तीळ, खसखस, मोहरी, जिरं, धने. साखर, कॉफी, दारू. आणि वांगं, टोमॅटो, बटाटा, ढबू मिरची, तिखट मिरची ही एकाच कुळातली मंडळी. एवढं वगळून जे राहतं ते चालतं, आणि आपल्या भागात जे राहतं ते थोडंथोडकं नाही.

पहिलं नाव रताळ्याचं. बेळगाव-खानापूरच्या शिवारात रताळी एवढी पिकतात की इथून मुंबई-दिल्लीपर्यंत गाड्या भरून जातात. भाकरीची जागा हेच घेणार. नुसतं उकडून रोज खाल्लं तर आठ दिवसांत कंटाळा येतो, म्हणून मी असं करते: सालासकट वाफवायचं, पण पूर्ण मऊ होऊ द्यायचं नाही. गार झालं की साल काढून बोटाएवढ्या जाड चकत्या करायच्या आणि तव्यावर खोबरेल तेलात मंद आचेवर ठेवायच्या. कडेला तांबूस रेघ धरली की उलटायच्या. वर मीठ, किसलेलं आलं आणि कोथिंबीर. यात मिरची नाही हे पाहुण्यांनाही जाणवत नाही. उरलेली रताळी कुस्करून शिंगाड्याच्या पिठात मळून त्याची थालीपिठं होतात. रताळी महाग होतात त्या दिवसांत सुरण, कोनफळ, अळकुड्या, कच्ची केळी आणि लाल भोपळा यांच्यावर निभावतं. सुरण आणि अळकुड्यांना आमसूल घालून नीट शिजवा, नाहीतर घसा खवखवतो.

घरातले म्हणतील, "मग उपासाचंच खा की!" ते अर्धंच खरं आहे. साबुदाणा, शिंगाडा, रताळं चालतं, पण उपासाच्या ताटातलं शेंगदाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची, जिरं, दही, वरीचे तांदूळ, राजगिरा हे सगळं या आहारात वर्ज्य. यादीतल्या कसावाच्या पिठासाठी हळहळू नका, साबुदाणा त्याच कंदाच्या स्टार्चचा असतो. फक्त तो नुसता स्टार्च आहे, त्यात जीव नाही. पोट भरलं तरी अंगाला फारसं काही लागत नाही, म्हणून आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळेपलीकडं त्याच्यावर विसंबू नका.

बोन ब्रॉथसाठीही कुठं जायला नको. आपल्याकडं मटण शिजवताना तिखट पडायच्या आधी लहान पोरांना आणि आजाऱ्याला वाटीभर अळणी काढून देतात, तेच. हळद, मीठ, आलं-लसूण, एक तमालपत्र, दोन लवंगा एवढ्यावर नळ्या किंवा पाय मंद आचेवर भरपूर वेळ शिजवा. धण्याची पूड तेवढी घालू नका. आणि एक सांगते, कारण इथं बरेच जण फसतात: तांबडा रस्सा नको म्हणून पांढरा वाढून घेतात. पांढऱ्यात मिरचीपूड नसली तरी तीळ, खसखस आणि काजूचं वाटण असतं, आणि ही तिन्ही बंद आहेत. घरी करायचा तर नुसत्या नारळाच्या दुधात करा, उतरवायच्या आधी ते नारळाचं दूध घाला आणि उकळी फुटू देऊ नका.

मासे खात असाल तर तुमचं काम बरंच सोपं होतं. गोवा आणि कारवारकडून येणारे बांगडे आणि तारल्या स्वस्त असतात आणि दाह कमी करणारी ओमेगा-३ स्निग्धं त्यांच्यात भरपूर असतात. त्यासाठी महागडा सालमन लागत नाही. आमसुलाचं पाणी, हळद, मीठ, आलं लावून अर्धा तास ठेवा आणि रवा किंवा तांदळाचं पीठ न लावता तव्यावर भाजा.

आता फोडणी. आपली अडचण खरी इथं येते. संकेश्वरी मिरचीच्या मुलखात राहून वर्षाचं तिखट डब्यात असताना ते न घालता जेवायचं हे सगळ्यात जड जातं, भाकरीपेक्षाही जड. शेंगतेल आणि करडईचं तेल बाजूला ठेवून खोबरेल तेल घ्या, त्यात भरपूर कढीपत्ता, ठेचलेलं आलं-लसूण, हळद. दालचिनी, लवंग, तमालपत्र चालतं. काळी मिरी सुरुवातीला नको. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा, कारण बाजारच्या बहुतेक हिंगात गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. रश्श्याला लाल रंग हवा असेल तर बिटाचा तुकडा शिजवून वाटा आणि आंबटपणाला आमसूल घाला. टोमॅटोची आठवण येते, पण जेवण होतं.

भाज्यांत दुधी, दोडका, पडवळ, घोसाळी, काकडी, कोहळा या वेलभाज्या आणि गाजर, मुळा. पालेभाज्या सगळ्या चालतात, पण तुमचं दुखणं आत्ता उसळलेलं असेल, दिवसात सारखं पळावं लागत असेल, तर मेथी-शेपूच्या देठांच्या आणि कच्च्या कोशिंबिरीच्या वाटेला जाऊ नका. सोलून, बिया काढून, मऊ शिजवलेला भोपळा-दुधीच तेव्हा बरा. खानापूरकडची कच्च्या फणसाची भाजीही त्या दिवसांत नको, चोथा फार असतो. फळांत पिकलेलं केळं आणि पपई. चहा बिनदुधाचा, गवती चहा आणि आलं घालून. बेळगावचा कुंदा आणि गोकाकचं करदंट यांना मात्र दुसरा पर्याय मी सांगू शकत नाही. लग्नाला, यात्रेला जाताना घरून डबा न्या आणि "पोटाचं औषध चालू आहे" एवढंच सांगा, कुणी आग्रह करत नाही.

पण हे सगळं करण्याआधी हे करायलाच हवं का, ते ठरवा. माझं मत स्पष्ट सांगते: औषधांनी दुखणं शांत असेल तर एवढं कडक पथ्य करू नका. २०१७ साली अमेरिकेत क्रोन्स (आतड्याला सूज आणणारं असंच दुसरं दुखणं) आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या १५ रुग्णांवर या आहाराचा अभ्यास झाला. सहाव्या आठवड्याला ११ जणांची लक्षणं ओसरली होती. हे ऐकायला छान वाटतं, पण माणसं थोडी, तुलनेला दुसरा गट नाही आणि बऱ्याच जणांची औषधंही चालू होती. उलट २०२१ साली क्रोन्सच्या १९४ रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एससीडी नावाचा असाच कडक आहार आणि भाज्या, फळं, मासे, कडधान्यं असलेला साधा मेडिटेरेनियन आहार यांची तुलना केली, तर लक्षणांत लक्षणीय फरक निघाला नाही. म्हणून पूर्ण एआयपी झेपत नसेल तर मैदा, तळण, बेकरी, पाकिटबंद खाऊ आणि जास्तीची साखर एवढं सोडूनही सुरुवात करता येते.

शाकाहारी असाल किंवा घरात माळकरी असाल तर एआयपीचा नाद सोडा असंच मी म्हणेन. डाळ, दूध, अंडी, दाणे सगळं गेल्यावर प्रथिनं आणायची कुठून? आधीच रक्त जाऊन हिमोग्लोबिन खाली आलेल्या माणसाचं त्यात वजन उतरतं.

आणखी एक. गहू बंद करण्याआधी सीलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळं होणाऱ्या आतड्याच्या आजाराची), म्हणजे टीटीजीची, रक्ततपासणी झाली आहे का ते कागदांत बघा. गहू सोडल्यानंतर ती केली तर आजार असूनही निकाल साफ येऊ शकतो. आणि हे वाचणाऱ्या ज्यांचं अजून निदानच झालेलं नाही त्यांच्यासाठी: शौचातून रक्त, उतरणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यांतलं काही असेल तर आहार नंतर, आधी डॉक्टर आणि गरज पडली तर कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतड्याची तपासणी. आतड्याचा क्षयरोग आपल्याकडं आहे, तो क्रोन्ससारखाच दिसतो आणि त्याची औषधं वेगळी असतात.

बंद करणं हा या आहाराचा सोपा भाग. बंद केलेलं परत आणणं हाच खरा आहार, आणि ते बहुतेक जण करतच नाहीत. थोडं बरं वाटलं की भीतीपोटी वर्षभर रताळ्यावर राहणारी माणसं मी बघितली आहेत. असं करू नका. सहा आठवड्यांच्या आसपास लक्षणं निवळली की एकेक पदार्थ आणायला लागा. एका वेळी एकच. सकाळी चमचाभर खा, थोड्या वेळानं आणखी थोडं, काही झालं नाही तर जेवणात वाटीभर, आणि मग पाच-सात दिवस तो पदार्थ बंद ठेवून वहीत लिहा: शौचाच्या वेळा, रक्त, पोटात कळ, सांधे, झोप. नेहमीचा क्रम असा की तूप, अंड्याचा पिवळा बलक आणि जिरं-मोहरी-मिरी आधी येतात, तर दूध, टोमॅटो, मिरची आणि धान्यं उशिरा. आपल्या माणसाला भात-भाकरीवाचून फार दिवस काढता येत नाहीत, म्हणून माझ्या आहारतज्ज्ञांनी तुपानंतर लगेच तांदूळ आणि मग ज्वारी आणायला सांगितली. मला दोन्ही सोसली. मिरची आजही सोसत नाही, तिच्या जागी मिरी आहे. तुमचं उलटंही असू शकतं, आणि ते तुमच्या वहीतूनच कळेल.

सहा आठवड्यांत काडीचाही फरक पडला नाही तर आणखी काही बंद करत बसू नका. नेहमीच्या जेवणावर या आणि डॉक्टरांना औषध बदलायचं का ते विचारा. सुरू करताना वजन, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व लिहून ठेवा. त्याच भेटीत शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी करता येईल का तेही विचारा. आतड्याची सूज खरंच उतरली की नुसतं बरं वाटतंय, हे आहाराआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवला की दिसतं.