सीईटी सोडून डीजे-प्रोड्युसर व्हायचंय म्हणतोय मुलगा, काय करू?

इचलकरंजीच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हेडफोन लावून लॅपटॉपवर "ईडीएम बनवत" (म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) बसतो, सीईटी देणार नाही म्हणतो, त्याऐवजी पुण्यात सहा महिन्यांचा डीजे-प्रोड्युसर डिप्लोमा करायचाय, फी सव्वादोन लाख. घरी खर्चीवर (म्हणजे मजुरीवर दुसऱ्याचं कापड विणून देत) माग चालतात, तेव्हा ही रक्कम काही किरकोळ नाही. वडिलांचं पालुपद, "गणपतीत टेम्पोवर डीजे लावणार काय?" आणि मुलाचं उत्तर ठरलेलं, "डच डीजे मार्टिन गॅरिक्स सतराव्या वर्षी जगभर हिट झाला." ताई विचारतात, ऐकू कुणाचं?

ताई, सध्या दोघांचंही नका ऐकू. तुमच्या साहेबांच्या डोळ्यासमोर जो डीजे आहे, म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत आणि मागे जनरेटर, तो साउंड भाड्याने द्यायचा धंदा आहे, त्यात सामानातच लाखो रुपये अडकतात, रात्रीचे दहा वाजले की पोलीस बंद करायला येतात आणि गुन्हे दाखल होतात ते वेगळंच. तुमच्या पोराला ते करायचंच नाहीये. पण त्याला नक्की काय करायचंय हे त्याला तरी कळलंय का याची मला शंका आहे, कारण ही दोन कामं वेगळी आहेत. डीजे तयार ट्रॅक घेऊन लोकांसमोर वाजवतो, कशानंतर काय लावायचं, फ्लोअर कधी पेटवायचा आणि कधी जरा दमाने घ्यायचं हे त्याचं कसब. प्रोड्युसर खोलीत एकटा बसून तो ट्रॅक बनवतो. बीट जुळवणं साध्या कंट्रोलरवर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं यंत्र) रोज केलं तर काही महिन्यांत हातात बसतं, प्रोडक्शनला वर्षं जातात. सहा महिन्यांत दोन्ही शिकवतो म्हणणाऱ्याला मी तरी सव्वादोन लाख देणार नाही.

आता गॅरिक्सचं. त्याचं 'ॲनिमल्स' २०१३ ला आलं तेव्हा तो १७ चा होता, खरंय. पण २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या उद्घाटनात टिएस्टो या डीजेला वाजवताना बघून आठव्या वर्षीच त्याला हा नाद लागला होता, आणि तो काही शिक्षण सोडून बसला नव्हता, नेदरलँड्समध्ये उट्रेख्टच्या म्युझिक कॉलेजात शिकत होता. आपल्याकडचं उदाहरण हवं तर न्यूक्लिया घ्या. म्हणजे अहमदाबादला वाढलेला उदयन सागर, १९९८ मध्ये मित्रांबरोबर बंदिश प्रोजेक्ट हा ग्रुप सुरू केला आणि 'बास रानी' हा अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाला आणला तो २०१५ मध्ये. मधल्या सतरा वर्षांचे रील कुणी बनवत नाही.

पुढचं पोराला वाचायला द्या.

मित्रा, तुझ्याकडे आठ बारचे लूप (परत परत फिरणारे छोटे तुकडे) किती आहेत ते मी विचारत नाही, ते सगळ्यांकडे ढिगाने असतात. पूर्ण ट्रॅक किती? इंट्रो, ब्रेकडाउन, बिल्डअप, ड्रॉप (बीट जोरात पडतो ती जागा), परत ब्रेकडाउन, दुसरा ड्रॉप, आउट्रो, असा चार-पाच मिनिटांचा, दोन्ही टोकांना नुसते ड्रम ठेवलेला, म्हणजे दुसऱ्या डीजेला तो मिक्समध्ये घेता आला पाहिजे. हेडफोनमध्ये कुठलाही लूप भारीच वाटतो रे. तोच कुणाच्या तरी गाडीत लावून बघ, किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेस एकाच जागेसाठी भांडत असतात आणि कानावर येते ती नुसती घरघर. मग साइडचेन लावायचा, किक पडली की बेस क्षणभर दबला पाहिजे, बाकीच्या साउंडमधला नको तो लो-एंड (खालचा घुमारा) ईक्यूने कापायचा, की परत गाडीत जाऊन ऐकायचं, परत फोनच्या स्पीकरवर, परत खोलीत, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी किक पातळच वाटणार. हे करताना कंटाळा येत नसेल, उलट आई जेवायला हाका मारून थकत असेल, तर तुझ्यात प्रोड्युसर आहे. लूपवरच गाडी अडत असेल तर तुला हे म्युझिक ऐकायला आवडतं, एवढंच. आणि एफएल स्टुडिओ हे ट्रॅक बनवायचं सॉफ्टवेअर क्रॅक मारून वापरत असशील (असशीलच!) तर ते काढ. ट्रायल फुकट आहे, फक्त सेव्ह केलेलं प्रोजेक्ट परत उघडत नाही, आणि एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट कायमचे फुकट.

ताई, पैशाचं स्पष्ट सांगतो. स्पॉटिफायवर वर्षभरात १००० वेळा तरी वाजला नाही तर त्या ट्रॅकचा एक पैसाही मिळत नाही, हा नियम २०२४ पासून आहे. क्लबमध्ये नवख्याला नऊ वाजताचा स्लॉट मिळतो, समोर रिकामा फ्लोअर, बारवर चार माणसं, आणि हिट गाणी वाजवायची नाहीत कारण ती नंतरच्या मोठ्या डीजेसाठी ठेवायची, एवढं करून कधी कधी फक्त जाण्यायेण्याचा खर्च हातात पडतो. सुरुवातीचे खरे पैसे हळदी, संगीत आणि कंपन्यांच्या पार्ट्यांत आहेत, तिथे नाक मुरडणारी पोरं लवकर घरी परततात. प्रोडक्शनवाल्याला जाहिराती, शॉर्ट फिल्म, गावातल्या गायकांची गाणी मिक्स करून देणं असं काम मिळू शकतं. दुसऱ्याच्या गाण्याचं रिमिक्स यूट्यूबवर टाकलं तर कॉपीराइटचा क्लेम बसतो आणि पैसे मूळ मालकाला जातात, म्हणून स्वतःची चाल हवी, तिची नोंद आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) हवी. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही, पण हे माहीत नसलेली पोरं आजही काहीही सही करून देतात.

कानांचं मात्र कुणीच बोलत नाही. ८५ डेसिबलला रोज आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात, त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, आणि क्लबच्या बूथमध्ये चार-चार तास उभं राहायचं असतं. वर्षानुवर्षं मागाच्या शेडमध्ये काढलेल्या माणसाला टीव्ही किती मोठा लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. इअरप्लग पहिल्या दिवसापासून. शिवाय ही लाइन रात्रीची, दारू हाताशी, झोपेचा बट्ट्याबोळ. ॲव्हिची या स्वीडिश डीजेसारख्या एवढ्या मोठ्या माणसाने २०१६ मध्ये लाइव्ह शो थांबवले आणि २०१८ मध्ये मस्कतला तो गेला तेव्हा फक्त २८ वर्षांचा होता, हेही पोराने वाचावं.

आता करायचं काय. सीईटी द्यायचीच, त्यावर वाद नको. इलेक्ट्रॉनिक्सला गेला तरी सिग्नल प्रोसेसिंग तिथेच शिकेल, साधी बीएस्सी केली तरी चालेल. पुण्याच्या एफटीआयआयला (फिल्म इन्स्टिट्यूटला) साउंडचा कोर्स आहे, त्याला पदवी लागते आणि बारावीला फिजिक्स असावं लागतं, ते त्याच्याकडे आहेच, ॲडमिशनच्या वर्षी प्रॉस्पेक्टस नीट बघा. परीक्षा झाली की सुट्टीत तीन ट्रॅक पूर्ण करू दे, आईबाबांना खूश करायला नाही, अनोळखी डीजेंना पाठवायला. त्यांच्यापैकी एकाने जरी वाजवला तर पुढचं बोलू. पैसे घालायचेच तर बरा हेडफोन, लॅपटॉपची रॅम १६ जीबी आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स, हे सगळं त्या फीच्या पाव भागात बसेल. कंट्रोलर लगेच नको, तो तीन ट्रॅक झाल्यावर.