कॅनन १५००डीवर रेडिओ ट्रिगर लावला आहे. टेस्ट बटण दाबल्यावर दूर ठेवलेला मॅन्युअल फ्लॅश उडतो, शटर दाबल्यावर मात्र उडत नाही. ट्रिगर खराब आहे का? आणि फ्लॅशचा प्रकाश कमी-जास्त कसा करायचा?

तुमचा ट्रिगर बहुधा चांगला आहे. टेस्ट बटणाने फ्लॅश उडतो, म्हणजे ट्रिगर आणि रिसीव्हर यांचा रेडिओ संपर्क, चॅनेल आणि सेल हे सगळे ठीक आहे. अडचण कॅमेरा आणि ट्रिगर यांच्यामध्ये आहे. कॅमेऱ्याचा हॉट शू, म्हणजे वरच्या बाजूची फ्लॅश किंवा ट्रिगर बसवायची खाच, नीट पाहा. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याच्या मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो आणि शटर पूर्ण उघडताच फ्लॅश उडवण्याचा इशारा त्यातूनच जातो. कॅननने १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांतून हा ठिपका काढून टाकला आणि फक्त स्वतःच्या फ्लॅशशी बोलणारे मागचे लहान ठिपके ठेवले. त्यामुळे केवळ या मधल्या ठिपक्यावर चालणाऱ्या स्वस्त ट्रिगरपर्यंत इशारा पोहोचतच नाही. ट्रिगर विकणाऱ्याने ही गोष्ट आधी सांगायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे कॅननसाठीच बनवलेला ट्रिगर, उदाहरणार्थ गोडॉक्सच्या एक्स२टीची कॅनन आवृत्ती, फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करून वापरणे. सोबत त्याच कंपनीचा टीटी६०० फ्लॅश घेतल्यास रिसीव्हर आतच असतो आणि फ्लॅशची ताकद १/१ पासून १/१२८ पर्यंत कॅमेऱ्याजवळूनच बदलता येते. मात्र पैसे देण्यापूर्वी दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून पाहा.

तोपर्यंत बिनखर्चाचा मार्गही आहे. तुमच्या फ्लॅशमध्ये एस२ मोड (दुसऱ्या फ्लॅशचा झोत दिसताच आपोआप उडण्याची सोय) असेल तर तो निवडा, ट्रिगर काढा आणि कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश उघडून त्याची भरपाई (फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे त्याचा झोत कमी-जास्त करण्याची सेटिंग) उणे २ वर ठेवा. एस१ निवडल्यास, फोटोआधी प्रकाश मोजण्यासाठी कॅमेरा जो पूर्वझोत टाकतो त्यावरच दूरचा फ्लॅश उडून जातो. एस२ तो झोत सोडून देतो. ही पद्धत खोलीत उत्तम चालते, पण भर उन्हात किंवा पाहुण्यांचे फ्लॅश सतत उडत असलेल्या लग्नमंडपात तिच्यावर विसंबू नये.

आता प्रकाशाविषयी. शटर १/२०० किंवा त्याहून संथ ठेवा, नाहीतर चित्रात काळा पट्टा येतो. या मर्यादेत शटरने फक्त आसपासचा प्रकाश बदलतो; फ्लॅशचा प्रकाश ॲपर्चर (लेन्सचे छिद्र), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), फ्लॅशची ताकद आणि अंतर यांवर ठरतो. मी आधी फ्लॅशविना एक फोटो काढून पार्श्वभूमी हवी तितकी गडद करून घेतो आणि मग १/१६ ताकदीपासून सुरुवात करतो. चेहऱ्यापासून १ मीटरवरचा फ्लॅश २ मीटरवर नेला की प्रकाश चौथाई उरतो, म्हणजे तोच उजेड मिळवायला १/१६ ऐवजी १/४ ताकद लागते आणि फ्लॅश पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ घेतो. म्हणून ताकद वाढवण्याआधी स्टँड जवळ सरकवून पाहा.