बाराव्या नमुन्याबद्दल

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रंकाळ्याच्या कट्ट्यावर तू वही उघडून दाखवलीस आणि मी काही न बोलता चालायला लागलो. तुला वाटलं असेल, काका रागावले. रागावलोच होतो. कशावर, ते तिथं गर्दीत नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

अकरा फिल्म, म्हणजे तू केलेले पातळ थर, एकसारख्या वागल्या, बारावीनं उलटी चाल धरली. त्याच झिंक ऑक्साइडची, त्याच स्प्रेनं, त्याच तापमानाला केलेली. गाइड म्हणाले, सोडून दे, पेपर पाठवायचाय. आणि तू बाराव्या ओळीवर पेन्सिलीनं एक तिरकी रेघ मारलीस. इतकी फिकट, की कधीही पुसता यावी. तू मला विचारत होतीस, पीएचडी सोडून एमपीएससीच्या क्लासला जाऊ का, आणि माझी नजर त्या रेघेवरून हलत नव्हती.

क्लासचं तुझं तू ठरव. घरची ओढाताण मी बघतोय, फौंड्रीत बाबांचा ओव्हरटाइम बंद झालाय तेही मला ठाऊक आहे. त्यावर बाहेरच्यानं शहाणपण सांगू नये. कमला सोहोनींना बंगळुरच्या विज्ञान संस्थेत आधी प्रवेश नाकारला होता आणि पुढं त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, हे तुला शाळेपासून पाठ आहे. तसल्या गोष्टी सांगून धीर द्यायला मी बसलेलो नाही. माझं मागणं एकच आहे. जे रीडिंग बसत नाही ते लिहून ठेव. शाईनं. त्याच दिवशी. तारखेसकट.

तारखेसकट हे मुद्दाम म्हणतोय. बारावी फिल्म कधी तपासलीस, असं विचारलं तर म्हणालीस, ‘जूनच्या शेवटी... नाही, जुलैत असेल.’ अगं, कोल्हापूरचा जुलै! राजाराम बंधारा पाण्याखाली, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास, भिंतीला हात लावावा तर ओला. झिंक ऑक्साइडवर पाण्याची वाफ बसली की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो, हे मला कुणी शिकवलं? तूच, मागच्या दिवाळीत, फराळाची ताटली बाजूला सारून. आणि स्वतःच्या वहीत त्या दिवशी पाऊस होता की ऊन, याचा पत्ता नाही. वाफेचाच हा प्रताप असेल असं मी म्हणत नाही. काहीही असेल. पण आता शोधणार कुठून?

हेन्री कॅव्हेंडिशचं नाव तू हायड्रोजनसाठी वाचलं असशील. मला तो आवडतो एका बुडबुड्यासाठी. १७८५ साली त्यानं हवेत ऑक्सिजन मिसळून विजेच्या ठिणग्या सोडल्या, सगळा नायट्रोजन संपवायचा म्हणून. होणारा वायू अल्कलीत शोषला जायचा, उरलेला ऑक्सिजनही त्यानं काढून टाकला. तरी नळीत एक बारीक बुडबुडा राहिला. काही केल्या जाईना. त्याला तो कळला नाही. पण त्यानं लिहून ठेवलं, की शिल्लक राहिलेला भाग एकशे विसाव्या हिश्शाहून जास्त नाही. बस, एवढंच. आणि ती नोंद शंभर वर्षं पडून राहिली.

मग लॉर्ड रॅली नायट्रोजनची घनता मोजायला बसला. हवेतून काढलेला नायट्रोजन अमोनियापासून केलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरत होता. फरक सुरुवातीला हजारात एक. तुझे गाइड म्हणाले असते, एरर आहे. रॅलीनं काय केलं? फरक झाकायच्या ऐवजी तो वाढतो का ते बघितलं. अमोनियावाल्या नायट्रोजनमध्येही बराचसा हवेतलाच होता, कारण अमोनिया जाळायला हवा वापरलेली. त्यानं हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियाचाच. फरक पाचपट झाला. हवेतला नायट्रोजन लिटरला १.२५७२ ग्रॅम, रसायनांतून केलेला १.२५०५ ग्रॅम. त्याआधी, फरक हजारात एकच दिसत होता तेव्हाच, १८९२ साली त्यानं ‘नेचर’मध्ये जाहीर पत्र लिहून रसायनवाल्यांना विचारलं, मला हे समजत नाही, कुणाला सुचतंय का? त्या पत्रानंतर दोन वर्षांनी रसायनशास्त्रज्ञ रॅम्से आणि त्यानं मिळून आरगॉन हा कशाशीच न जुळणारा वायू जगापुढं मांडला. आपण दोघं कट्ट्यावर बसून श्वास घेत होतो त्या हवेत जवळजवळ एक टक्का आरगॉन होता. कॅव्हेंडिशचा बुडबुडा तो हाच.

म्हणून सांगतो, न समजलेलं आधी लिहायचं. समजेल तेव्हा समजेल, तुला नाही तर दुसऱ्या कुणाला.

आता माझं ऐक. हे मी तुझ्या काकूशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये लागून मला चार हंगाम झाले होते. मार्च महिना, मिल दोन दिवस बंद पडली, यार्डात ऊस उन्हात वाळत पडला. मिल सुरू झाली तेव्हा रात्रपाळीला मी होतो. शिळ्या उसाचा रस म्हणजे प्युरिटी, रसात विरघळलेल्या ऐवजात साखर किती तो आकडा, उतरायला हवी. माझ्या हाती ती दीड अंकानं चढलेली आली. पोलरीमीटर, रसातून जाताना प्रकाश किती फिरतो त्यावरून साखर मोजायचं यंत्र, पुसला, ट्यूब धुतली, पुन्हा बघितलं. तेच. सकाळी साहेब म्हणाले, ‘रात्री झोपला होतास काय? सरासरी टाक.’ मी रेघ मारली आणि सरासरी टाकली.

चार दिवसांनी पाक चिकट यायला लागला, पाक उकळून दाणा धरायचा पॅन आवरेना, साखरेचा दाणा लांबुळका, सुईसारखा. ठपका आला पॅन सांभाळणाऱ्या पॅनमनवर. तीन दिवस बिनपगारी. दाढी न केलेला, टॉवेल खांद्यावर टाकलेला तो माणूस गेटबाहेर सायकल धरून उभा होता आणि मी त्याच्या शेजारून ड्यूटीला गेलो.

पुढं काही वर्षांनी वाचलं. शिळ्या उसात जंतू डेक्स्ट्रान तयार करतात. ते साखरेच्या जवळजवळ तिप्पट प्रकाश फिरवतं, म्हणून पोल, म्हणजे यंत्रावरचा साखरेचा आकडा, खोटाच जास्त दिसतो आणि प्युरिटीही चढते. त्याच डेक्स्ट्राननं पाक चिकट होतो, दाणा लांबतो. माझं रीडिंग बरोबर होतं! मी काही शोध लावला असता असं नाही, जगाला ते आधीच माहीत होतं. पण ती ओळ वहीत राहिली असती तर त्या माणसाचा पगार वाचला असता. तो आता नाही. मी त्याच्या घरी कधी गेलो नाही.

तू मला मिलिकन ऐकवलास, तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा. त्यानंही तेलाचे नको ते थेंब वगळले आणि नोबेल मिळवलं, असं म्हणालीस. वगळले, खरं आहे. १९१३ च्या पेपरात त्यानं ५८ थेंब दिले आणि साठ दिवसांतले सगळे हेच, असं लिहिलं. वहीत त्याहून कितीतरी जास्त होते. ते त्यानं चुकीचं लिहिलं, मोठा माणूस म्हणून मी ते गोड मानून घेणार नाही. पण हे आपल्याला कळलं कशावरून? वहीवरून. त्यानं पान फाडलं नाही. म्हणून आज त्याचे वगळलेले थेंबसुद्धा कुणालाही तपासता येतात. तुझी बारावी ओळ पुसली गेली तर तुला कोण तपासणार? पेपरात काय घालायचं यावर गाइडशी वाद घाल, हरलीस तरी चालेल. वहीवर मात्र कुणाचा हुकूम चालत नाही, त्यांचाही नाही.

जोसलिन बेल तुझ्याच वयाची होती, चोवीस वर्षांची, रेडिओ दुर्बिणीवर पीएचडी करणारी. १९६७ साल. दुर्बिणीतून रोज सुमारे तीस मीटर नोंदीचा कागद, त्यावर अर्ध्या सेंटीमीटरची एक खरड. गाइडना ती माणसानंच केलेली काहीतरी गडबड वाटली. तिनं जुने रोल काढले, खरड आकाशातल्या त्याच जागेवरून पूर्वीही आलेली सापडली. पहिला पल्सार तो, म्हणजे गरगर फिरत ठरावीक ठेक्यानं रेडिओ लहरी सोडणारा तारा. नोबेल तिला दिलं नाही, यावर लोक तावातावानं बोलतात आणि बोलावंच. मला तिनं रोल फेकून दिले नव्हते याचं जास्त अप्रूप आहे. आणि आपल्या कुरुंदवाडात जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी १९८२ मध्ये सेकंदाला ६४२ गिरक्या घेणारा पल्सार शोधून काढणाऱ्यांत होते, तोही शोध असाच. आकाशातल्या त्या जागेवरून येणाऱ्या रेडिओ लहरी लुकलुकायला नकोत तशा लुकलुकतात, अशी नोंद आधीच होऊन बसली होती. कुणीतरी ती पुसली नव्हती.

लोक तुला सांगतील, काकांचं ऐकू नको, त्या माणसानं हट्टापायी आयुष्य घालवलं. बाबासुद्धा म्हणाले असतील. पॅनमनच्या प्रकारानंतर मी एकही आकडा बदलला नाही. एका हंगामात उतारा थोडा वर दाखवायला सांगितला, मी सही केली नाही. मला वजनकाट्यावर पाठवलं. माझ्या हाताखाली शिकलेला चीफ केमिस्ट झाला आणि मी आठ वर्षं उसाच्या गाड्या मोजल्या. काकूनं दोनदा मंगळसूत्र गहाण ठेवलं. तिला त्रास झाला, त्याची भरपाई मला करता आली नाही. पण सही न करण्यात माझं चुकलं नाही. आजही तेच करीन. ही वाट सोपी आहे असं मी तुला कधी म्हणालोय का? तू शिकवणी लाव, परीक्षा दे, तहसीलदार हो. तिथंही पंचनाम्यात आकडे असतात, आणि तिथंही कुणीतरी सांगेलच, सरासरी टाक.

आता कामाचं. ती पेन्सिलीची रेघ खोडरबरानं पूस आणि बारावं रीडिंग शाईनं गिरव. शेजारी लिही, ‘कारण कळलेलं नाही.’ मग रॅलीसारखं कर: तीच फिल्म मुद्दाम दमट हवेत ठेव, मग कोरड्या हवेत, आणि फरक वाढतो का बघ.

आणि एक आठव. वजनकाट्यावर गेलो त्या वर्षापासून आमच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला मोजतो, एक दिवस चुकलेला नाही. तू ती फिल्म तपासलीस तेव्हा बेंदूर झाला होता का? परत जाताना एसटी मिळाली होती, की पाणी आलं म्हणून बंद होती? मैत्रिणींना विचार, मोबाइलमधले फोटो बघ. आठवडा तेवढा सांग. त्या आठवड्याचा पाऊस माझ्या वहीत आहे.

तुझा,
काका