साखरपुडा झालाय, लग्नानंतर बंगळूरला जायचंय. त्याच्या आत्ताच्याच घरात राहावं का?

तुम्ही लिहिलंय की होणारा नवरा तीन वर्षं बंगळूरला आहे, मित्रांबरोबर घेतलेलं घर आहे, लग्नापर्यंत मित्र दुसरीकडे जातील आणि मग तुम्ही दोघं तिथंच राहाल असं तो म्हणतो. तुम्हाला एकदा घर बघून यायचंय, पण घरचे म्हणतात लग्नाआधी कशाला. ताई, नावं बदलली तर ही माझीच गोष्ट आहे, फक्त २०१८ सालची.

आधी उत्तर देते, मग पाल्हाळ. जमत असेल तर त्या घरात जाऊ नका. जावंच लागलं तर अ‍ॅग्रीमेंट संपेपर्यंतच, आणि ते कधी संपतंय ते आत्ताच विचारून ठेवा.

मी मिरजेची, सासर कराडचं. तुळशीचं लग्न झाल्यावर पंधरा दिवसांत आमचा साखरपुडा झाला. आमच्याकडे अजून याद्या होतात. दोन्हीकडचे मामा-काका फुलस्केप कागद घेऊन बसतात आणि हॉल कोणी करायचा, जेवण कोणाकडे, बस्ता कुठं, मानपानाच्या साड्या किती, वाजंत्री कोणाची, सगळं लिहून मोठ्यानं वाचतात. मग सह्या. आमच्या यादीत टॉवेल-टोपीचा आकडासुद्धा होता, आणि त्यावरून माझा एक काका थोडा तापलाही होता. मी सासूबाईंनी आणलेली साडी नेसून, भरलेली ओटी सांभाळत पाटावर बसले होते. साखरेच्या पुड्याचा चमकी कागद घामानं हाताला चिकटत होता. एवढी माणसं, एवढी कलमं, पण लग्नानंतर ही दोघं राहणार कुठं, हे एकानंही विचारलं नाही. मीही नाही. बंगळूरला त्याचं घर होतं की!

मे २०१९ मध्ये लग्न झालं आणि जूनमध्ये राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं आम्ही निघालो. घर मराठहळ्ळीत. नाव ऐकून आई निर्धास्त झाली होती, तिला वाटलं तिथं सगळे मराठीच असणार. मला पहिला मराठी माणूस भेटायला दोन महिने लागले.

घर वाईट नव्हतं. दोन खोल्या, मोठा हॉल, उजेड भरपूर. पण ते चार मुलांचं घर होतं आणि चौघांपैकी तीन गेले तरी ते तसंच राहिलं. पोळपाटाचा एक पाय मोडलेला, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. फ्रीजवर कुणाचं तरी जिमचं वेळापत्रक. मी कपाट उघडायचे आणि तो ऑफिसमधून आला की विचारायचे, “हे ठेवू की टाकू?” काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी दिवसभरात चार-पाच गोष्टींची परवानगी मागते. तो बिचारा प्रत्येक वेळी “तुला हवं ते कर” म्हणायचा. म्हणजे परवानगी द्यायचा! खालच्या दुकानदाराला तो नावानं माहीत होता, मी नुसतीच “मॅडम”. शनिवारी मित्र यायचे ते बेल न वाजवता, कारण किल्ल्या अजून त्यांच्याकडे होत्या. मुलं चांगली होती, “वहिनी, वहिनी” करायची. पण एकदा मी केस धुऊन टॉवेल गुंडाळून बाहेर आले तर हॉलमध्ये दोघं क्रिकेट बघत बसलेले.

आता डाळीचं सांगते. हसू नका.

पहिल्याच आठवड्यात वरण केलं. मिरजेत तीन शिट्ट्यांत लोणी होणारी तूरडाळ इथं पाच शिट्ट्या देऊनही दाणा न् दाणा वेगळा. सात दिल्या. रवीनं घुसळून काढली तरी वर पिवळं पाणी आणि तळाला डाळ. नवरा मुकाट्यानं जेवला आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आम्ही बाहेरूनच मागवायचो, तसं मागवू या का?” त्याच्या मनात काही नव्हतं, पण मला ते असं झोंबलं की विचारू नका. आई म्हणाली डाळ जुनी असेल, डाळ बदलली. सासूबाई म्हणाल्या तासभर भिजव, हळद आणि थेंबभर तेल घाल, तेही केलं. दोन आठवडे मी ‘आपल्याला साधं वरण जमत नाही’ या दुःखात. शेवटी समोरच्या आंटींना माझ्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मोजून कंटाळा आला असावा. दारात येऊन म्हणाल्या, “बोर् नीरल्लि बेळे बेयल्ल.” बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही.

माझी आजी अथणीकडची, त्यामुळे एवढं कानडी मला कळत होतं. आमच्या इमारतीला कावेरीचं पाणी नव्हतं, सगळा कारभार बोअर आणि टँकरवर. जड पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, मग ती कितीही उकळली तरी फुटत नाही. हे नंतर वाचलं. आंटींनी उपाय सांगितला: वरणापुरतं वीस लिटरच्या कॅनमधलं पाणी घे. तीन शिट्ट्या. डाळ लोणी.

आनंद झाला, आणि मग संताप आला. हा माणूस त्या घरात तीन वर्षं राहत होता आणि त्याला हे ठाऊक नव्हतं! ठाऊक असणार कसं, त्या घरात कधी डाळच शिजली नव्हती. तो तिथं फक्त झोपायचा. आणि दोन्हीकडचे पंधरा-वीस मोठे लोक ‘त्याचं घर आहे’ या एका वाक्यावर निश्चिंत झाले होते.

नोकरीचं थोडक्यात. सांगलीला मी एका सीएकडे कामाला होते. सात महिने घरी बसल्यावर जानेवारी २०२० मध्ये यशवंतपूरला एका टॅक्स कन्सल्टंटकडे लागले. पहिल्या दिवशी धाकधूक होती, पण जीएसटी इथूनतिथून सारखाच. नंबराच्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या २७ ऐवजी कर्नाटकाचा २९ लिहायची सवय लागली की झालं. भाषेचा बाऊ करू नका. आजीकडून उचललेली कानडी भाजीवाल्याकडे वापरली तर त्यानं विचारलं, “नीवु हुब्ळी कडेयवरा?” हुबळीकडच्या का? मला तो माझ्या सात महिन्यांतला सर्वांत मोठा सन्मान वाटला. तुम्ही ‘एष्टु’, ‘साकु’, ‘बेडा’ एवढ्यावर सुरुवात करा. किती, पुरे, नको.

माझं ऑफिस यशवंतपूरला, त्याचं मराठहळ्ळीला. अ‍ॅग्रीमेंट फेब्रुवारीत संपत होतं. मी म्हटलं आता घर माझ्या ऑफिसच्या बाजूला बघू. तो म्हणाला वीस किलोमीटर, एकेका बाजूला दीड तास. मी म्हटलं तेच मी करत होते, एक महिना झाला. चार दिवस अबोला.

पाचव्या दिवशी मी फुलस्केप कागद काढला आणि वर लिहिलं, ‘याद्या’. तो डोकावून बघत म्हणाला, “मामांना बोलवायचं का?” तिथं बर्फ फुटला. रात्री दोन वाजेपर्यंत लिहीत होतो. भाडं पगाराच्या प्रमाणात, म्हणजे तेव्हा तीन भाग त्याचे, एक माझा. आपापल्या आई-वडिलांना पैसे पाठवताना दुसऱ्याला सांगायचं, विचारायचं नाही. गणपती कराडला, भाऊबीज मिरजेला. मित्रांनी यावं, फोन करून यावं, किल्ल्या परत. घर माझ्या ऑफिसजवळ, आणि त्याला सहा महिन्यांत खरंच झेपलं नाही तर मधला भाग बघायचा. खाली दोघांच्या सह्या. तो कागद अजून भाडेकराराच्या फाइलमध्ये आहे. माझं मत असं, की हे साखरपुडा आणि लग्नाच्या मधल्या महिन्यांत करायचं काम आहे. आम्ही ते महिने रात्री दीड-दोन तास ‘जेवलीस का’वर घालवले. छान होते ते दिवस, नाही म्हणत नाही.

घर शोधायला आम्ही आधी मल्लेश्वरमला गेलो. तिथली आठव्या क्रॉसची फुलं-भाज्यांची गर्दी बघून मी तिथंच राहायचं ठरवून टाकलं होतं. जवळ काडु मल्लेश्वराचं देऊळ, ते शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्याशी जोडलेलं. बंगळूर एके काळी शहाजीराजांची जहागीर होती, तेव्हा आपला काही हक्क लागत असेल असं मला उगाच वाटलं. घरमालकांना तसं वाटलं नाही. तीन ठिकाणी पहिला प्रश्न, “व्हेज?” नवरा एका ठिकाणी हो म्हणायच्या बेतात होता, मीच दंडाला चिमटा काढला. खोटं बोलून घर घ्यायचं आणि मग रविवारी मटणाचा वास खिडकीतून जाऊ नये म्हणून धडपडायचं, हे नको होतं.

शेवटी राजाजीनगरच्या बाजूला पहिल्या मजल्यावर एक बेडरूमचं घर मिळालं, खाली मालकीणबाई. डिपॉझिट सहा महिन्यांचं. (पूर्वी तिथं दहा महिन्यांची पद्धत होती, अजूनही काही जण मागतात. घासाघीस करा. सोडताना रंगकामाच्या नावाखाली एका महिन्याचं भाडं कापतात, तेही करारात वाचून घ्या.) आधीच्या घरापेक्षा लहान, अंधारं, पण नळाला एक दिवसाआड कावेरीचं पाणी. शंभरेक किलोमीटरवरून उपसून आणतात ते. नवा पोळपाट घेतला. कुठला डबा कुठं, हे दोघांनाही एकाच दिवशी कळलं, त्यामुळे तोही मला विचारायला लागला की चहापत्ती कुठं आहे. मला फार बरं वाटलं, आणि दोन दिवसांनी वैतागही आला.

१ मार्च २०२० ला राहायला गेलो. दीड तासाच्या प्रवासावरून आम्ही चार दिवस बोललो नव्हतो, तो प्रवास त्याला तीन आठवडेही करावा लागला नाही. २५ मार्चला लॉकडाऊन लागलं आणि त्याच दिवशी पाडवा होता. लग्नात आलेला तांब्या, पडद्याची दांडी आणि साखरपुड्यातली साडी, अशी गुढी उभी केली. साखरेच्या गाठी कुठून आणणार, मालकीणबाईंच्या कुंडीतल्या फुलांची माळ घातली. त्या खालून बघत होत्या. त्यांचा उगादी. थोड्या वेळानं जिन्यात पायरीवर ताटली ठेवून लांबूनच हाक मारली, “अक्का, ओबट्टु!” म्हणजे त्यांची पुरणपोळी. ताटलीत कडुनिंब-गूळही होता. मी पुरणपोळी केली होती ती त्याच पायरीवर ठेवली. त्यांच्या पुरणात तूरडाळ, आमच्यात हरभऱ्याची. पुढं वर्षभर आमचा हा वाद चालला आणि अजून मिटलेला नाही.

आता कागदपत्रं, कारण ती नंतर फार पळवतात. लग्नाची नोंदणी निघण्याआधी गावातच करून घ्या. तीन साक्षीदार लागतात, ते लग्नघरात असतात, बंगळूरला नसतात. नाव बदलायचं की नाही हे दोघांनी आधी ठरवा. बदललंत तर आधार, पॅन, बँक, पीएफ सगळीकडे एकच ठेवा, मी रोज या न जुळणाऱ्या नावांच्या भानगडी बघते. मी बदललं नाही. घरचा गॅस नेणार असाल तर एजन्सीकडून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. गाडी नेणार असाल तर विचार करा. माझी एमएच १० अ‍ॅक्टिव्हा मिरजेहून रेल्वे पार्सलनं आणली, पेट्रोल काढून, गोणपाटात बांधून. मग ट्रॅफिक पोलीस तिला चौकाचौकात ओळखायला लागले. कायमचं राहायचं तर आरटीओची एनओसी काढून कर्नाटकात नोंदणी करायची आणि तिथला कर भरायचा. जुनी गाडी असेल तर विकून जाणं परवडतं.

घर बघायला मात्र जाच. आईला किंवा भावाला बरोबर घ्या, म्हणजे घरच्यांचंही तोंड बंद. हॉल, गॅलरी राहू द्या, आधी न्हाणीघरात जा. नळावर, बादलीच्या कडेला पांढरा थर साचलेला दिसला तर पाणी बोअरचं आहे. गॅसची शेगडी वापरातली वाटते का बघा. आणि निघताना त्याला विचारा, या घराच्या किल्ल्या किती आहेत आणि त्या कोणाकोणाकडे आहेत.