२५ नाही, २४ मे! सेंत-मारी-द-ला-मेर आणि सारा, थोडं सविस्तर

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. आईबाबा मे महिन्यात सांगलीहून येतायत, आईला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ते 'फ्रान्समधलं कालीमातेचं मंदिर' बघायचंय (म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या सेंत-मारी-द-ला-मेर गावचं चर्च, जिथे २४-२५ मेला जिप्सींच्या सारा या काळ्या संतेची यात्रा भरते), सारा ही दासी, राणी की आपली काली यातलं खरं काय ते कळत नाहीये, आणि एजंट म्हणतोय की २५ मेला दुपारपर्यंत पोचलात तरी सगळं दिसेल. हे शेवटचं वाक्य मी जसंच्या तसं ऐकलंय. म्हणून बाकी सगळं नंतर, आधी हे घ्या: २४ ला सकाळी तुम्ही गावात पाहिजेत, जमलं तर २३ लाच मुक्कामाला जा.

व्हिसा, आर्लपर्यंतची (गावाजवळचं मोठं शहर) ट्रेन वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, लिऑंमध्येच राहताय, ते सोडून देते.

यात्रेचा कार्यक्रम असा असतो. २४ ला दुपारी चर्चमध्ये दोन मारींच्या (मारी जाकोबे आणि मारी सालोमे या येशूच्या काळातल्या संत बायका) अस्थींच्या पेट्या उंचावरच्या छोट्या प्रार्थनाघरातून दोरांनी सावकाश खाली सोडतात, दोरांना फुलं बांधलेली असतात, खाली माणसं मेणबत्त्या उंच धरून उभी असतात आणि 'व्हीव ले सेंत मारी, व्हीव सेंत सारा' (संत मारींचा विजय असो, संत साराचा विजय असो) असा एकच गजर चालू असतो, पेटी हाताला लागेल एवढी खाली आली की लहान मुलांना खांद्यावर घेऊन तिला हात लावायला उचलतात. त्यानंतर साराची मूर्ती तळघरातून बाहेर निघते आणि जिप्सी लोक तिला खांद्यावरून समुद्रात नेतात. दुसऱ्या दिवशी, २५ ला सकाळी, दोन मारींची नावेतली मूर्ती निघते, बिशप नावेतून समुद्राला आशीर्वाद देतात, आणि दुपारी पेट्या परत वर जातात. संपलं. २६ तारीख बारोन्चेल्लीच्या आठवणीची (तो कोण ते खाली येईलच), त्या दिवशी घोडे, बैल आणि त्यांचे खेळ.

आता घोळ कुठे होतो बघा. पंचांगात, म्हणजे चर्चच्या कॅलेंडरमध्ये, मारी जाकोबेचा सण २५ मे. त्यामुळे ज्याने कॅलेंडर बघून तिकिटं काढली तो २५ हीच मुख्य तारीख धरतो. पण साराचा दिवस आदल्या दिवशीचा आहे. आपल्याकडून जाणारा माणूस सारासाठीच जातो आणि नेमकी तीच हुकते.

मी तेव्हा मार्सेलला नोकरीला होते. आई आणि मावशी नाशिकहून येणार होत्या, म्हणून त्यांचा व्हिसा, विमान, हॉटेल सगळं तिकडच्याच एका ऑफिसला दिलं होतं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मी ईमेलमध्ये स्पष्ट विचारलं होतं की साराची मिरवणूक कोणत्या दिवशी आहे ते कन्फर्म करून मगच बुकिंग करा. उत्तर आलं, २५ मेन डे, कन्फर्म्ड. नंतर मी स्वतः गावातलं वेळापत्रक पाठवलं तर म्हणे नॉन-रिफंडेबल आहे, बदल करायचा तर सगळं नव्याने, आणि मॅडम फेस्टिव्हल चालूच असतो हो दोन-तीन दिवस. फोनवर दर वेळी वेगळी मुलगी, प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं. आम्ही २५ ला दुपारी गावात पोचलो. तोपर्यंत मारींची मिरवणूकही समुद्रावरून परत आलेली. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले होते, त्यानंतर ती परदेशी आली नाही. पैशाचं मला काही वाटत नाही, पण तिने साराला समुद्रात जाताना बघितलं नाही याचा राग अजून गेलेला नाही, आणि जाणारही नाही. दुसऱ्या वर्षी मी २४ ला गेले, एकटी.

म्हणून माझं मत (मत आहे हं, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो): या गावापुरतं तरी एजंटकडून काही घेऊ नका. तुम्ही फ्रान्समध्येच आहात. घेतलंच तर तारीख आणि मिरवणुकीचं नाव दोन्ही लेखी घ्या, 'फेस्टिव्हल' या शब्दावर सोडू नका. वेळापण त्या-त्या वर्षी गावाच्या पत्रकात बघून घ्या, मी सांगतेय ते सर्वसाधारण आहे.

आता खरं काय या प्रश्नाकडे. मी इतिहासाची प्राध्यापक नाही, पण या गावाच्या नादी बरीच वर्षं लागलेय, त्यामुळे जे पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिते.

कथा अशी. येशूनंतर काही वर्षांनी पॅलेस्टाईनमधून काही जणांना वल्ही नाहीत, शीड नाही अशा नावेत बसवून समुद्रात सोडून दिलं. मारी जाकोबे, मारी सालोमे, मेरी माग्दालेन, मार्था, लाझारस, माक्सिमाँ असे सगळे त्यात होते. नाव रोन नदीच्या मुखाशी, म्हणजे आजच्या कामार्गमध्ये लागली. मग लाझारस मार्सेलला गेला, मार्था तारास्कोंला, तिथे तिने तारास्क नावाच्या राक्षसी जनावराला वश केलं, माग्दालेन सेंत-बोमच्या गुहेत राहिली आणि दोन मारी तिथेच किनाऱ्यावर थांबल्या. सारा कुठे येते? एका कथेत ती मारींची दासी. नावेत जागा नव्हती म्हणून किनाऱ्यावर रडत राहिली, तेव्हा सालोमेने आपला झगा पाण्यावर टाकला, त्याचा तराफा झाला आणि सारा त्यावरून नावेपर्यंत आली. दुसरी कथा बरोबर उलटी, विसाव्या शतकात जिप्सींकडून नोंदवलेली: सारा रोनच्या काठच्या आपल्या टोळीची प्रमुख होती, या संत बायका येणार असं तिला आधीच दिसलं होतं आणि ती त्यांना घ्यायला लाटांमध्ये उतरली. म्हणजे पहिल्या कथेत ती पाहुणी आणि दुसरीत यजमान. मला स्वतःला दुसरी जवळची वाटते, पण तो आवडीचा भाग झाला.

कागदावर काय आहे ते वेगळं. गावातल्या चर्चचा, समुद्राकाठच्या मारींचा, उल्लेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीला गर्वेस ऑफ टिल्बरी नावाचा लेखक करतो. सारा त्यात नाही. १४४८ मध्ये प्रोव्हान्सचा काउंट 'राजा रने' याने पोपची परवानगी घेऊन चर्चखाली खोदकाम करवलं, अस्थी मिळाल्या, त्या मारींच्याच असं ठरलं आणि पेट्यांत ठेवल्या गेल्या. तेव्हाच सापडलेला झिजून गुळगुळीत झालेला संगमरवरी दगड आजही चर्चमध्ये आहे, त्याला संतांची उशी म्हणतात, हात लावून लावून अजून गुळगुळीत झालाय. साराचं नाव लिखाणात येतं ते १५२१ मध्ये, व्हँसाँ फिलिपों नावाच्या माणसाने लिहिलेल्या कथेत, आणि तिथे ती गोरगरिबांसाठी भिक्षा मागणारी बाई आहे. राणी नाही, देवी नाही. जिप्सी लोक फ्रान्समध्ये आल्याच्या नोंदी १४१९ च्या, पण ते या गावाच्या यात्रेला येतात याचे उल्लेख मिळतात एकोणिसाव्या शतकातले. आणि साराला मिरवत समुद्रात न्यायची रीत तर १९३५ ची! मार्की फोल्को द बारोन्चेल्ली नावाचा एक जमीनदार-कवी कामार्गमध्ये बैल-घोडे पाळून राहायचा, जिप्सींशी त्याची दोस्ती, त्याने मागे लागून चर्चकडून ती परवानगी मिळवली. कोणत्याही पत्रकात 'हजारो वर्षांची प्रथा' असं वाचलंत की ते पत्रक बाजूला ठेवा.

कालीबद्दल. आईला हे कसं सांगायचं हे तुम्ही ठरवा, पण रोमानी, म्हणजे जिप्सींच्या, भाषेत काली म्हणजे फक्त काळी, म्हणून 'सारा ला काली' म्हणजे काळी सारा. एवढ्यावरून ती आपली कालीमाता ठरत नाही. मूर्ती समुद्रात नेतात म्हणून दुर्गाविसर्जनाशी तुलना काही अभ्यासक करतात, पण विसर्जन होत नाही हेही लक्षात घ्या, कमरेएवढ्या पाण्यात नेतात आणि परत तळघरात आणून ठेवतात. तरीपण फॉरवर्डमध्ये जे लिहिलंय त्यापेक्षा मोठी गोष्ट खरी आहे आणि ती कोणी पुढे पाठवत नाही. हे जिप्सी लोक खरोखर भारतातून गेलेले आहेत. त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातली, पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान म्हणतात. निघून हजार वर्षं होऊन गेली, वाटेत इराण, आर्मेनिया, ग्रीस सगळं लागलं, आणि ही भाषा बरोबर राहिली. आईला हे सांगा, मंदिरापेक्षा हे तिला जास्त भिडेल असं मला वाटतं.

तळघरात मात्र नक्की न्या. पायऱ्या उतरायला लागतात, हात धरा, गर्दीत उतरणं कठीण जातं. छत बुटकं, मेणबत्त्यांच्या धुराने काळं पडलेलं, आणि यात्रेच्या दिवसांत आत एवढ्या मेणबत्त्या जळत असतात की भट्टीत शिरल्यासारखं गरम होतं, चष्मा धुरकट होतो. सारा उजव्या बाजूला उभी. अंगावर झग्यावर झगे, साटीन, मखमल, जरीचे, नवस फेडायला लोक आणून घालतात, एकावर एक चढवून मूर्ती पार फुगून जाते आणि फक्त चेहरा दिसतो. आपण देवीला साडी नेसवतो तसंच. बायका येतात, तिचे गाल हातांनी धरतात, झग्याची कड ओठांना लावतात, कोणी आजारी माणसाचा फोटो पायाशी ठेवतं. आई खण घेऊन आली होती, मला माहीतच नव्हतं. तिने तो काढला आणि माझ्याकडे बघितलं, चालेल का म्हणून. शेजारी उभ्या असलेल्या एका जितां, म्हणजे जिप्सी, बाईने तिच्या हातातून खण घेतला, उलगडून बघितला, काठावर बोट फिरवलं आणि साराच्या पायाशी नीट पसरून ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

आता एक गोष्ट जी मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. हॉटेलवाले, टॅक्सीवाले, आणि हो, आपले एजंटपण, सगळे सांगतील की 'जिप्सींपासून सावध, पर्स सांभाळा'. गर्दीत पर्स कुठेही सांभाळायचीच, दादरला नाही का सांभाळत? पण या लोकांबद्दल असं बोलायचं आणि त्यांच्याच यात्रेवर पॅकेज विकायची हे मला सहन होत नाही. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने भटक्यांना बोटांचे ठसे आणि शरीराची मापं लिहिलेली ओळखवही बाळगावी लागायची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने आर्लजवळ सालिये इथे १९४२ ते ४४ छावणी चालवली, सुमारे ७०० जिप्सी त्यात डांबले होते, आणि बाहेरून छान दिसावं म्हणून झोपड्या कामार्गच्या गवती घरांसारख्या बांधलेल्या. ते सगळं या गावापासून फार लांब नाही. त्यामुळे फोटो काढायचा तर आधी विचारा, विशेषतः तळघरात. कॅरॅव्हॅनमध्ये डोकावून फोटो काढणारे लोक बघितलेत मी, फार वाईट वाटतं.

इतर थोडं. चर्च बाहेरून किल्ल्यासारखं का दिसतं असं बाबा विचारतील. बाराव्या शतकातलं आहे आणि समुद्री लुटारूंच्या भीतीने तसं बांधलंय, आत विहीरसुद्धा आहे म्हणजे वेढा पडला तर पाणी. भीती उगाच नव्हती. ८६९ मध्ये आर्लच्या आर्चबिशपला, रोलां त्याचं नाव, सारासेनांनी, म्हणजे मुस्लिम समुद्री लुटारूंनी, कामार्गमध्येच पकडलं, खंडणी ठरली १५० पौंड चांदी, १५० झगे, १५० तलवारी आणि १५० गुलाम. मधल्या काळात तो कैदेत वारला. त्यांनी कळू न देता खंडणी घेतली आणि मग त्याला पूर्ण पोशाखात खुर्चीवर बसवून किनाऱ्यावर आणून ठेवलं, लोक अभिनंदन करायला पुढे गेले तेव्हा कळलं. छतावर तिकीट काढून चढता येतं, वरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला दलदल, तळी, फ्लेमिंगो. मध्ययुगात गाव समुद्रापासून आत होतं, किनारा खचत खचत पाणी इथवर आलं आणि आता दगडी बांधांनी अडवून धरलंय. आणि हो, आजचं हे नावसुद्धा १८३८ चं.

व्हॅन गॉग १८८८ च्या मे अखेरीला आर्लहून इथे आला होता, काही दिवस राहिला, किनाऱ्यावरच्या नावा काढल्या आणि भावाला लिहिलं की भूमध्य समुद्राचा रंग बांगडा माशासारखा, सतत बदलणारा. वारा असेल त्या दिवशी बघा, अगदी तसाच दिसतो.

खायला तेलीन मागवा, आपल्या तिसऱ्यांच्या जातीतलं, लसूण घालून करतात. शाकाहारी असतील तर कामार्गचा लाल तांदूळ मिळतो, पण घरून काहीतरी बरोबर असू द्या. डास प्रचंड, ओडोमॉस न्या, तिथलं औषध आईच्या नाकाला सोसणार नाही.

आर्लहून गाव ३८ किलोमीटरच्या आसपास, बस आहे. यात्रेच्या दिवसांत गाडी नेऊ नका, गावात कॅरॅव्हॅनच कॅरॅव्हॅन असतात, पार्किंगच्या शोधात मिरवणूक निघून जाईल. खोल्या गावात मिळाल्या नाहीत तर आर्लला राहा, फक्त २४ ला संध्याकाळी परतीची बस कितीची आहे ते आधी बघून ठेवा, मिरवणूक लांबते. समुद्रावर आईला वाळूत उभं राहवणार नाही, घडीची खुर्ची न्या आणि मिरवणुकीबरोबरच्या घोडेस्वारांच्या वाटेपासून जरा बाजूला, बांधाच्या कडेला बसवा, तिथून सारा पाण्यात शिरताना समोरून दिसते. एजंटला आजच फोन करा, पैसे भरायच्या आधी. भरले असतील तर नेमकं काय बुक झालंय ते इथे लिहा, बघू काय करता येतं.