आधी स्केचबुक परत द्या, मग स्कोपचं बोलू

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीला ७८ टक्के होते, यंदा घसरतील असं दिसतंय. दिवसभर कविता लिहिते, चित्रं काढते. कवितांना ना यमक, ना विरामचिन्हं. ओळीत मध्येच जागा सोडलेली. स्केचबुकात उघड्या बायकांची चित्रं सापडली तेव्हा रागाच्या भरात मी दोन पानं फाडली आणि स्केचबुक कपाटात ठेवलं. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. तिचे बाबा म्हणतात, आर्किटेक्चर कर, नाहीतर लग्न होईपर्यंत फाइन आर्ट्स कर. ती सारखी मिना लॉय नावाच्या कवयित्री-चित्रकर्तीचं उदाहरण देते. या लाइनला स्कोप आहे का? दोन्हींतलं एक सोड, असं तिला समजावाल का?

उत्तर :

ताई, टक्क्यांचं नंतर बघू. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती फाडलेल्या दोन पानांची.

मुलगी जिचं नाव घेते, तिच्याही घरी हेच झालं होतं. मिना लॉय १८८२ साली लंडनमध्ये जन्मली. लहान वयात तिने खडकाला बांधलेल्या नग्न अँड्रोमेडाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या राजकन्येचं, चित्र काढलं. आईने ते फाडलं आणि मुलीला नको ते बोलली. पुढे वडिलांनी तिला कलाशाळेत घातलं, तेही अशासाठी की चार कला अंगी असल्या तर मुलीचं लग्न जमायला बरं. तुमच्या घरातली दोन्ही वाक्यं तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी बोलून झाली आहेत. परिणाम काय झाला? लग्न १९०३ साली झालं आणि मोडलं. चित्रं मात्र तिने सत्तरी ओलांडेपर्यंत केली.

मुलीने उघडं शरीर काढलं याचा अर्थ तुम्ही चुकीचा लावलात. माणसाचं शरीर पाहून काढणं हा चित्रकलेच्या शिक्षणाचा पाया आहे. उभ्या माणसाचं वजन कोणत्या पायावर आहे, त्यामुळे कंबर कुठल्या बाजूला वर गेली, त्याच बाजूचा खांदा किती उतरला, हे कपड्यांवरून कळत नाही. लॉयच्या काळात म्युनिकच्या अकादमीत मुलींना प्रवेशच नव्हता. म्हणून ती तिथल्या स्त्री-कलाकारांच्या संस्थेत शिकली आणि पुढे पॅरिसला अकादमी कोलारोसीत गेली. तिथे मुलींनाही मॉडेल समोर ठेवून नग्न देहाचं ड्रॉइंग करता येत असे. त्या एका सोयीसाठी मुली देश सोडून येत. तुमची मुलगी ते घरी बसून, स्वतःहून करते आहे.

तेव्हा आज संध्याकाळी स्केचबुक तिच्या हातात द्या आणि ‘पानं फाडायला नको होती’ एवढंच म्हणा. पुढे ‘पण’ लावू नका.

आता एक गैरसमज, तो तुम्हा दोघींचाही आहे. तुम्हाला वाटतं, यमक नाही, विरामचिन्हं नाहीत, म्हणजे शिस्त नाही. तिला बहुधा वाटतं, अवाँ-गार्द, म्हणजे रूढ चाकोरी मोडणारी कलावंत, व्हायचं तर शिकायची गरज नाही. दोन्ही खोटं. लॉय लंडन, म्युनिक, पॅरिस अशी कित्येक वर्षं शिकली. १९०६ साली पॅरिसच्या सलों दोतोन या नावाजलेल्या वार्षिक कला-प्रदर्शनाची सभासद म्हणून निवडली गेली, तेव्हा तिला चोवीस पूर्ण नव्हती. नियम मोडणारं लिखाण त्यानंतरचं. तिच्या प्रेमकवितांचा पहिला भाग १९१५ साली ‘अदर्स’ या न्यूयॉर्कच्या मासिकात आला आणि शारीर उल्लेखांमुळे गहजब झाला. १९१७ साली त्याच मासिकाचा एक अख्खा अंक तिच्या ३४ तुकड्यांच्या मालिकेला दिला गेला. त्या कवितांत स्वल्पविरामाच्या जागी कोरी जागा येते, लांब डॅश येतात. चित्र काढणाऱ्या हाताने पानावर शब्द मांडलेले आहेत. म्हणूनच ‘दोन्हींतलं एक सोड’ हे मी तिला सांगणार नाही. मुलीचं तंत्र तपासायचं असेल तर तिला एकच कविता दोन-तीन दिवसांच्या अंतराने मोठ्याने वाचायला सांगा. दरवेळी ती त्याच कोऱ्या जागेपाशी तेवढीच थांबली, तर जागा विचार करून सोडली आहे. कुठेही थांबत असेल, तर कविता अजून कच्ची आहे. तेही तिला कळू द्या.

स्कोपबद्दल मुलीलाही एक स्पष्ट सांगायचं आहे. लॉय कवितेवर जगली नाही. तिने कपडे डिझाइन केले. १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये दिव्यांचं आणि लॅम्पशेडचं दुकान चालवलं. भांडवल पेगी गुगेनहाइम या श्रीमंत बाईचं. जुन्या बाजारातल्या बाटल्यांवर ती दिवे बसवायची, कागद कापून शेडवर फुलं चढवायची. माल सुंदर होता. पण पैसा दुसरीचा, डिझाइनची नक्कल करणारे भरपूर, आणि घर, मुली, कारखाना सगळं एकीच्याच डोक्यावर. १९३०च्या सुमारास धंदा विकावा लागला. त्यानंतर जावई ज्युलियन लेव्हीने १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये गॅलरी काढली, त्या गॅलरीसाठी पॅरिसहून चित्रं निवडून पाठवायचं काम लॉयने केलं.

असलं प्रत्येक काम आज स्वतंत्र पेशा आहे : प्रॉडक्ट आणि टेक्स्टाइल डिझाइन, पुस्तकांची सजावट, गॅलरीतलं काम, कलेवरचं लेखन. मात्र मुलीने दर काढायला आत्ताच शिकावं : साहित्य, लागलेले तास, वाया गेलेला माल आणि दुकानदाराचं कमिशन. तास धरायचे राहून जातात, मग वस्तू विकली जाऊनही हातात काही उरत नाही. आणि डिझाइन कुणाच्या मालकीचं, हे काम सुरू होण्याआधी कागदावर असायला हवं.

परीक्षांचं थोडक्यात : बीएफए म्हणजे फाइन आर्ट्सच्या पदवीसाठी राज्याची कला सीईटी, डिझाइनसाठी यूसीड (आयआयटी वगैरेंच्या डिझाइन पदवीची प्रवेश परीक्षा) आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा, तारखा आणि नियम यंदाच्या माहितीपुस्तिकेतच पाहा. आर्किटेक्चरला माझा विरोध आहे, कारण तुम्ही ते तडजोड म्हणून सुचवताय. पाच वर्षं स्ट्रक्चर, बांधकाम साहित्य, सर्व्हिसेस शिकायची ती ज्याला इमारतीच बांधायच्या आहेत त्याने.

पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायच्या निवडक कामांच्या संचात, पंधरा-वीस कामं पुरतात. फोटोवरून पेन्सिलीने घोटलेले नटनट्यांचे चेहरे नकोत, तपासणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. समोर बसलेल्या माणसाची पाच मिनिटांत केलेली रेखाटनं, एखाद्या चित्राचे फसलेले दोन-तीन टप्पे, आणि कविता-चित्र एकत्र असलेली पानं घालावीत. कोळशाच्या कामावर फिक्सेटिव्ह (कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) मारून मध्ये बटर पेपर ठेवायचा, मागे तारीख टाकायची, ३०० डीपीआयला स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवायचं. लॉयने उतारवयात न्यूयॉर्कच्या बावरी या गरीब वस्तीच्या भागात चिंध्या, चेपलेले डबे असल्या टाकाऊ वस्तूंतून चित्रं उभी केली. १९५९ साली, ती ७६ वर्षांची असताना, बोडली गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. त्यातली फार थोडी आज शिल्लक आहेत. तिची कादंबरी छापून यायला १९९१ उजाडलं, तेव्हा तिला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. काम जपणं हा कामाचाच भाग आहे.

राहिलं ‘लग्न होईपर्यंत’. बीएफए चार वर्षांचं असतं. मध्येच काढून घ्यायच्या बोलीवर प्रवेश घेतलात तर मुलगी पहिल्या वर्षापासून मन मारून शिकेल. तिच्या बाबांबरोबर बसा, चार वर्षांची फी, राहण्याचा खर्च आणि दर महिन्याच्या रंग-कागदाचा खर्च लिहून काढा. जेवढं जमणार असेल तो आकडा तिला सांगा आणि उरलेलं शिष्यवृत्तीतून किंवा कर्जातून कसं उभं करायचं ते तिघांनी मिळून ठरवा. बारावीचे पेपर होईपर्यंत तिने रोज दोन तास चित्रांना आणि बाकी वेळ अभ्यासाला द्यावा, एवढी अट मात्र तुम्ही जरूर घाला. प्रवेशासाठी बारावी पास असणं लागतंच.